नव्व्याण्णव

बुधवार, मधल्या सुट्टीनंतरचा तास.
वेळापत्रकात त्याचं नाव मूल्यशिक्षण,
पोरं म्हणतात गोष्टीचा तास,
आणि जुन्या हजेरीपटावर, माझ्या आधीच्या लोंढेबाईंच्या
तिरप्या अक्षरात, नुसतं: शास्त्र.

तिसरी ब. पटावर बेचाळीस.
त्यात माझ्या देवळातली सात.
मुख्याध्यापिका जूनमध्येच म्हणाल्या होत्या,
"गोष्ट सांगा उजागरेबाई, अर्थ सांगू नका.
अर्थावरून पालक येतात."
मी मान डोलावली. सगळ्या बिया काढून
सीताफळ कसं खायला द्यायचं,
ते विचारायचं राहून गेलं.

क्वार्टर गेटच्या सिग्नलला बस कण्हते,
खिडकीतून बेकरीच्या खारीचा वास येतो,
मी कपाटातून खोका काढते, बिस्किटांचा, पत्र्याचा.
आत फलालीनची माणसं,
कुण्या मडमेनं बोटीतून आणलेली.
मेंढपाळ गोरा, गाल गुलाबी,
मेंढरं पांढरी, गुबगुबीत,
आत्ताच रिठ्यानं धुतल्यासारखी.
फळ्यावर हिरवं फ्लॅनेल ताणलं की ती चिकटतात.
चिकटायची. आता निम्म्या गोष्टीत गळून पडतात.

"शंभर मेंढरं होती. एक हरवलं."
(खोक्यात सहाच उरलीत. पोरं समजून घेतात.)
"मग त्यानं नव्व्याण्णव रानात ठेवली
आणि त्या एकाला शोधायला..."

"कुणाकडं ठेवली?"

शेवटचा बाक. मायाप्पा शिंगाडे.
बाप उंड्रीला बांधकामावर राखणदार,
आजा होता तोवर मेंढरांमागं.
वर्षभर हे पोरगं 'हजर' सोडून बोललं नव्हतं.
आता उभं, चड्डी वर ओढत:
"बाई, रानात लांडगा असतो.
कुत्रं होतं का? बायको होती का त्याची?
एकटा माणूस शंभर मेंढरं नेत नाही."

रणनवऱ्यांची एस्तेर, पाळकांची नात,
त्याच्याकडे असं बघते
की जणू कुणी प्रार्थनेत शिंकलं.

वीस वर्षं सांगते आहे मी ही गोष्ट.
वडिलांच्या मांडीवर ऐकली,
वडिलांना मातीत ठेवताना ऐकली.
दर वेळी ते एक म्हणजे मीच असायचे,
खांद्यावर बसून घरी यायचे.
रानात थांबलेल्यांकडे
मान वळवून पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.
फळ्यावरून एक मेंढरू पडलं. कुणी हसलं नाही.
"आन् बाई," तो बसता बसता म्हणाला,
"ही मेंढरं न्हाईतच. मेंढरं काळी असत्यात."

पुढच्या बुधवारी त्यानं दप्तरातून
घोंगडीचा तुकडा काढला. धुराचा वास,
पावसाचा, आणि आणखी कशाचा तरी,
ज्यानं पुढचे दोन बाक नाक धरून बसले.
शाळेची कात्री बोथट, लोकर चिवट.
चार मेंढरं झाली, पाय कुणालाच नाहीत.
पण फ्लॅनेलवर ठेवली
आणि राकट केस हिरव्यात असे रुतले
की तास संपला तरी एकही पडलं नाही.

त्यानं कुत्रंही आणलं होतं. पुठ्ठ्याचं, तांबडं, एक कान मोठा.
मी हजेरी घेत होते तेवढ्यात
कळपाच्या कडेला डिंकानं लावून मोकळा झाला.
फ्लॅनेलला डिंक लावायचा नसतो.
आता ते निघत नाही.

मुख्याध्यापिका दारात थांबल्या. "हे कुत्रं शास्त्रात कुठं आहे?"
"अर्थ सांगू नका म्हणाला होतात," मी म्हटलं.

तेव्हापासून ते सगळ्याच गोष्टींत आहे.
तारवाच्या दाराशी आहे,
काना गावच्या लग्नात रांजणांशेजारी,
नाताळात गव्हाणीपाशी, उंटांच्या आधी पोचलेलं.
काल सरोवरात वादळ उठलं,
शिष्य ओरडत होते, होडी कलली,
आणि लाटांच्या मधोमध
ते चार पायांवर कोरडं उभं,
होडीकडे पाठ करून,
तोंड वर्गाकडे.